सहा तारांचे सहा रेडिओ

टिच् करून तार तुटली.

निजलेल्या घरात तेवढाच आवाज. नेलने शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला आणि श्वास रोखून खाटेकडे पाहिलं. टिलीने नुसती कूस बदलली. चार वर्षांच्या लेकीची दुपारची झोप, तेवढाच काय तो नेलचा स्वतःचा वेळ. केसाहून बारीक तांब्याची ती तार तिने जिभेने ओली करून चिमटीत धरली, डाग देऊन सांधली आणि बॉबिनचं चाक पुन्हा फिरायला लागलं.

टिली होईपर्यंत ती कलमझू गावातल्या गिटारच्या कारखान्यात हेच करायची. लोहचुंबकाभोवती तार गुंडाळली की झालं पिकअप, गिटारचा कान. पण कारखान्यात सगळ्या तारांना मिळून एकच पिकअप. गॅरेटला, तिच्या नवऱ्याला, ते खुपायचं. "सहा जणी एका दारातून ढकलाढकली करत बाहेर पडतात, नेल. प्रत्येकीला आपलं दार हवं." मग उन्हाळ्यात तो एका नाचाच्या बँडबरोबर कॅलिफोर्नियाला गेला. फोनवर शेवटचं बोलला ते एवढंच, "सहा तारांची सहा पिकअप जमली की कळव. ऐकायला येतोच बघ."

त्या "येतोच बघ"वर तिने अर्धा हिवाळा काढला होता.

संध्याकाळी बर्निस आली. कारखान्यात नेलला तार धरायला शिकवलं ते तिनेच. दारात बुटांवरचं बर्फ झटकत ती थबकली. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेले सहा जुने रेडिओ घरभर मांडले होते, एक तर जिन्याच्या पायरीवर, आणि सगळ्यांच्या वायरी मधल्या टेबलावरच्या गिटारला जोडलेल्या.

"देवा रे! लिलाव मांडलायस की काय?"

"तू नुसती ऐक."

नेलने एकेक तार छेडली. जाड तार जिन्यावरून बोलली, तिच्या शेजारची खिडकीतून, शेवटची, सगळ्यात बारीक, थेट स्वयंपाकघरातून. मग तिने सहाही एकदम छेडल्या आणि सूर साऱ्या घरातून चालत आल्यासारखा झाला. बर्निस गिटारवर वाकली.

"पोरी, हे तू शिलाई मशीनवर केलंस?" आणि डोळे पुसून लगेच, "तुझ्या नवऱ्याला सहा तारांसाठी सहा कान हवेत. बायकोचं ऐकायला एकही नाही!"

"आता येईल तो," म्हणत नेलने भिंतीवरचा फोन उचलला.

पलीकडे गॅरेटची कॅलिफोर्नियातली घरमालकीण होती. "गॅरेट? तो गेला की, बाई. गेल्याच आठवड्यात. सामानासकट." कुठे? "काही सांगितलं नाही. तुम्ही कोण?"

नेलला "बायको" म्हणवेना. तिने फोन हळूच ठेवला. बर्निसने उठून शेगडीवर कॉफीचं पाणी ठेवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरला आणि त्यातून आवाज आला, "डॅडी?"

दोघी दचकल्या. टिली टेबलाजवळच्या खुर्चीवर गुडघे टेकून, तारांना ओठ लावून बसली होती. ती हळूच पुन्हा म्हणाली, "डॅडी, मी टिली." रेडिओही तेच म्हणाला.

बर्निसने मान हलवली. "सगळ्यात बारीक तारेचं पिकअप मेणात बुडवायचं विसरलीस ना?"

"ही मध्येच उठली होती. घाई झाली," नेल म्हणाली.

"तरीच. मेण नसलं की आतले वेढे थरथरतात. तारेचंच नाही, माणसाचं बोलणंही ऐकतात. कारखान्यात असतीस तर मुकादमाने माघारी पाठवलं असतं. आण इकडे, मेण तापवते मी. पाच मिनिटांचं काम आहे."

नेलने पेचकस उचलला, पण स्क्रूपाशी नेलेला हात तसाच थांबला. कारण टिली आता स्वयंपाकघरातल्या रेडिओच्या जाळीला कान लावून वाट बघत उभी होती. तिने एक बोट ओठांवर ठेवून दोघींना गप्प केलं. शेगडीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. बराच वेळ ऐकून तिने मान वर केली.

"मम्मी, डॅडीला माझं ऐकू गेलं. मग तो बोलत का नाही?"