वेलांटी चुकलेली शिफारस

लोक ज्याला 'रबर स्टॅम्प' म्हणून हिणवतात ना, तोच मी. अगदी खराखुरा. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर एकच शब्द: 'शीफारस'. हो, वेलांटी दीर्घ. चूक शिक्का बनवणाऱ्याची, पण एकोणीस वर्षं मिरवली मी. आज मात्र मी रडगाणं गायला बसलेलो नाही.

आमच्या प्रांताची विधानसभा मोठी झोकदार. घुमट, गालिचे, सभापतींची उंच खुर्ची, सगळं होतं. फक्त कायदा करायचा अधिकार तेवढा नव्हता. तो दूर राजधानीत. इथे आमदार घसा कोरडा करून ठराव करायचे, मग जावक विभागातल्या बाई त्यावर मला आपटायच्या आणि कागद राजधानीला जायचा. मी उमटलो की ठरावाची विनंती व्हायची. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

त्यातला एक ठराव नदीवरच्या बोटीचा. राजधानीच्या नियमानं शेवटची बोट संध्याकाळी सहाला सुटायची आणि पलीकडच्या इस्पितळातली पाळी संपायची सातला. बाईंची नणंद तिथे नर्स. आठवड्यातले चार दिवस ती तिकडेच बाकावर अंग टाकायची, आणि तिची पाच वर्षांची लेक बाईंकडे राहायची. शाळेला सुट्टी असली की पोरगी ऑफिसात येऊन कोऱ्या कागदांवर मला उमटवत बसे. "मामी, आई आज या बाजूला का त्या?" हा तिचा रोजचा प्रश्न.

बोट साडेसातला सोडा, असा ठराव अकरा वेळा गेला. दहा वेळा उत्तर आलं, 'विचाराधीन'. अकराव्यांदा जरा मोठं पत्र आलं: 'शिक्क्यातील वेलांटी ऱ्हस्व करून प्रस्ताव पुन्हा सादर करावा.' बाई ते वाचून इतक्या हसल्या की शेवटी डोळे पुसावे लागले.

मग, आधीपासून बरीच वर्षं चाललेल्या भांडणाला त्याच साली यश येऊन, कायदा करायचा अधिकार आमच्या विधानसभेकडे आला. सगळ्या विषयांचा नाही, पण बोटी त्यात होत्या. पहिला कायदा बोटीचाच झाला. सभापतींची सही झाली, आता कुणाला विचारायचं कारण नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी राजधानीतून फोन आला, नेहमीसारखा शिक्का मारून पाठवा, बघून कळवतो.

सचिवसाहेब तसे भले, पण भित्रे. ते बाईंच्या टेबलापाशी आले.

"मारून टाका हो. एका शिक्क्यानं काय बिघडतंय?"

बाईंचा हात सवयीनं माझ्यावर पडला. शाईच्या गादीवर टेकवलंसुद्धा त्यांनी मला. नको, नको, असं मी जीव तोडून म्हणत होतो. कागदापासून चार बोटांवर त्या थांबल्या.

"साहेब, हा उमटला की परत विनंती होते. आपण आता विनंती करत नाही."

"अहो, पण वर काय सांगू?"

"सांगा, शिक्का मोडलाय."

"कुठे मोडलाय?"

बाईंनी ड्रॉवरमधून पेन्सिलीचं ब्लेड काढलं आणि माझं रबर खरवडून काढून मला टेबलावर ठेवलं. "हा बघा, मोडला. तुम्हाला खोटं बोलायला नको."

दुखलं, नाही कशाला म्हणू? पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी कुणापुढे वाकलो नव्हतो. कायदा राजपत्रात जसाच्या तसा छापून आला. त्याच आठवड्यापासून बोट साडेसातला सुटते आणि नर्स आपल्या घरी, लेकीशेजारी झोपते.

मी आता नुसती मूठ. बोटीच्या वेळापत्रकावर वजन म्हणून बसतो. पोरगी आली की अजून मला कागदावर दाबते आणि म्हणते, "मामी, हा काहीच बोलत नाही."

"त्याला आता कुणाला काही विचारायचं नाहीये गं," बाई म्हणतात.

राजधानीनं मात्र आस नाही सोडलेली. परवा एक खोका आला. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'नवाकोरा शिक्का, वेलांटी दुरुस्त करून.' बाईंनी खोका न उघडताच कपाटात टाकलाय. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतील, त्यांच्या खुर्चीवर तुमच्यातलं कुणीतरी बसेल. वरून फोन येईल, आवाज गोड असेल, आणि तुमचा हात कपाटाकडे जाईल. त्या वेळी आधी माझ्याकडे बघा. मी इथेच टेबलावर आहे, आणि माझ्यावर एकही अक्षर नाही.