चौकटीतलं रान

“अगं, कुदळ लांबून घाल! वरंब्याच्या पोटातच घातलीस तर बटाटे चिरतील!” बांधावर बसलेला म्हातारा ओरडला.

“मग या आणि दाखवा घालून,” लेक वाकल्या वाकल्याच म्हणाली.

“दाखवलंच असतं. गुडघा ऐकत नाही म्हणून वाचलीस तू.”

“वाचले बाई एकदाची.”

म्हाताऱ्याचा उजवा गुडघा निकामी होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन तो रानात यायचा, बांधावर रिकाम्या पोत्याची घडी टाकून बसायचा आणि तिथूनच सारं रान हाकायचा. रान म्हणजे केवढं, एका माणसाला पुरून उरेल एवढं. अर्ध्यात बटाटे आणि अर्ध्यात मका. वरंबे फोडायचे, ओल्या मातीतून बटाटे चाचपून काढायचे, पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घेऊन बांधापाशी ओतायची, निवडून पोती भरायची. मध्येच मक्याला पाणी फिरवायला धावायचं. हे सगळं लेक करायची. म्हातारा आवाज द्यायचा.

रस्त्यानं ट्रॅक्टरवाला शेजारी चालला होता. त्यानं ट्रॅक्टर थांबवून हाक दिली, “काय म्हातारबा, बटाटा झोकात आहे की!”

“मग! रान कुणी केलंय?” म्हाताऱ्यानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. “पोरगी असते जरा मदतीला.”

लेकीनं कुदळ जरा जास्तच जोरात घातली. एक बटाटा उभा चिरला.

“चिरलास ना? सांगत होतो की नाही!”

तिनं चिरलेला बटाटा पाटीत टाकला. शाळेच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून घरी आणून तिनं सगळी वाचली होती. राजाला भर दरबारात तोंडावर खरं सुनावणारी माणसं तिला पुस्तकातून ओळखीची होती. पण हे ‘जरा मदतीला’ ऐकलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. गुडघा गेला तेव्हा म्हाताऱ्याचं चालणं गेलं, नांगर गेला, बाजारातली उठबस गेली. रान मीच केलं, एवढं म्हणणं तेवढं राहिलं होतं. तेही काढून घेतलं तर तो कशाच्या जोरावर उभा राहणार, असं तिला वाटायचं.

तेवढ्यात बांधावरून शाळेची पोरं आली. पुढे होती पणपण. पोरगी दर दुसरं वाक्य ‘पण’नं सुरू करते म्हणून अख्खं गाव तिला त्याच नावानं हाक मारायचं.

“आत्या, आम्हाला पिक्चर काढायचा आहे. मास्तरांनी सांगितलंय, एक जागा आणि एक दिवस. मोबाइल अजिबात हलवायचा नाही.”

हे पिक्चर-मास्तर गेल्या वर्षी शाळेत आले होते. ते पोरांना भिंतीवर सिनेमे दाखवत. एकच प्रसंग एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून दाखवत आणि विचारत, “आता काय बदललं?” मग पोरांकडूनही छोटे सिनेमे करून घेत. गावाला ते पटलेलं नव्हतं. पोरं आधीच मोबाइलला चिकटलेली, आणि हा बाबा तेच शिकवायला पगार घेतो, असं पारावरची मंडळी म्हणत.

“आमच्या रानात काय ठेवलंय पिक्चरसारखं?” लेकीनं विचारलं.

“पण इथं काम चालू आहे ना? आम्हाला काम पाहिजे.”

“काढा, काढा!” म्हातारा बांधावरून खूश होऊन म्हणाला. “मला उठव गं. टोपी दे. आणि कुदळ दे माझ्या हातात.”

पोरांनी जमिनीत दुबेळकी काठी रोवली आणि फांद्यांच्या बेचक्यात मोबाइल बसवला. म्हातारा समोर जाऊन उभा राहिला. कुदळ खांद्यावर, मान ताठ, डोळे समोर. पापणीसुद्धा लवेना.

“आजोबा, चालू झालंय,” पणपण म्हणाली.

म्हातारा पुतळ्यासारखा उभा.

“आजोबा, काम करा ना काहीतरी.”

“फोटो झाला का?” तो ओठ न हलवता म्हणाला.

“पण हा फोटो नाही! हलता आहे!”

“मला शिकवते का? हललं की पुसट येतं.” त्याच्या आयुष्यात त्याचे फोटो मोजकेच निघाले होते आणि दर वेळी फोटोवाल्यानं एकच दम भरला होता, हलू नका. तो हलला नाही.

पोरं थोड्या थोड्या वेळानं मोबाइल चालू करायची. चालू झाला रे झाला की म्हातारा पोत्यावरून उठायचा, टोपी सारखी करायचा आणि गोठायचा. पोरं हसून हसून लोळत होती.

“आबा, पुरे आता. बसा. गुडघा सुजेल,” लेक डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली.

“मध्ये मध्ये येऊ नकोस, पुसट येईन मी.”

रात्री जेवताना म्हातारा म्हणाला, “चांगला आला असेल ना गं मी?”

“आला असाल.”

“मागे तू कशाला घुटमळत होतीस सारखी? चित्र बिघडलं असेल.”

“भाकरी हवी का अजून?” तिनं विचारलं.

सकाळी ती चहा घेऊन गेली, तर म्हातारा उठला नाही. कपातला चहा गार झाला, तरी ती तशीच हातात कप धरून उभी होती.

शहरातून तिचा मोठा भाऊ आला. चार लोक येत जात राहिले. ट्रॅक्टरवाला येऊन बसला, भावाशी हळू आवाजात बोलला. पाहुणे पांगल्यावर भावानं तिला बोलावलं.

“हे बघ, आबा होते तोवर रान चाललं. आता कसणारं कोण आहे? माझं ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं झालंय. एवढी काढणी उरकली की रान त्याच्याकडे.”

“आणि मी, दादा?”

“तू चल माझ्याकडे. घरात कुणीतरी हवंच आहे. तुझी वहिनी दिवसभर बाहेर असते.”

ती चहाचे कप गोळा करून मोरीत घेऊन गेली. नळ सोडला. कप धुऊन झाले तरी पाणी चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी ती पिण्याच्या पाण्याला पाणवठ्यावर गेली, तर एकीनं तिला कोपरखळी मारली, “पिक्चरमध्ये तुझ्या आबांचं बुजगावणं केलंय म्हणे पोरांनी. वर्गात सगळे हसत होते.”

ती घागर तिथेच ठेवून तडक शाळेत गेली. पिक्चर-मास्तर पडद्यासाठी भिंतीला चुना लावत होते.

“मास्तर, त्या पिक्चरमधून मला काढून टाका.”

“तुम्हाला? का?”

“मी मागे येते-जाते, म्हणून आबा नुसते उभे दिसतात. त्यांना कुणी हसलेलं मला नको आहे.”

मास्तरांनी चुन्याचे हात पुसले. “ताई, काढता येईल. पण पिक्चर मुलांचा आहे. आज दुपारी सगळ्या पालकांसमोर दाखवतोय. तिथं येऊन मुलांना सांगा.”

दुपारी वर्गाच्या खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. बाकांवर आया, बाप, आज्या, खाली पोरं. ट्रॅक्टरवाला मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता. भाऊ पुढे, मास्तरांच्या शेजारी. लेक दाराशी उभी राहिली.

भिंतीवर रान उजळलं. मधोमध म्हातारा. खांद्यावर कुदळ, मान ताठ, केवढा मोठा! कालपरवापर्यंत खोकणारा, ओरडणारा माणूस, तो समोर होता आणि हलत नव्हता.

त्याच्या मागून एक बाई पाटी घेऊन डावीकडून उजवीकडे गेली. रिकामी पाटी घेऊन परत आली. सावल्या लांबच्या आखूड झाल्या. म्हातारा तसाच. बाई वाकली, तिनं वरंबा फोडला, बटाटे काढले. म्हातारा तसाच. बाई फावडं घेऊन मक्याकडे धावली, ओल्या पायांनी परत आली. पोत्यांची रास वाढत गेली. सावल्या दुसऱ्या बाजूला पडल्या. म्हातारा तसाच.

“अरे, म्हाताऱ्यावर कावळा कसा नाही बसला!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्गात हशा पिकला.

“बंद करा ते!” भाऊ उठला. भिंतीवरचं चित्र थांबलं. “मास्तर, माझा बाप काय तमाशा आहे? आबांचा चेहरा चांगला आलाय, तेवढाच मोठा करून ठेवा. मागचं सगळं कापा.”

“पण कापायचं असेल तर कारण सांगावं लागतं,” खालून आवाज आला. पणपण उभी राहिली होती. “वर्गाचा नियम आहे. ज्याला जे कापायचं आहे, त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, का कापायचं ते. आम्ही पण सांगतो.”

“मुलगा आहे मी त्यांचा! मी कारण देऊ तुला?”

“पण मास्तरांनापण द्यावं लागतं.”

“लागतं,” मास्तर म्हणाले. “परवा मला एक आवाज काढायचा होता. कारण पटलं नाही, तर यांनी काढू दिला नाही.”

आया खुसुखुसु हसल्या. भावानं शर्ट खाली ओढला. “बरं, ऐका. आबांनी आयुष्यभर एकट्यानं हे रान केलं. मागे ही सारखी इकडून तिकडे पळते, त्यामुळे ते नीट दिसत नाही. झालं? आता कापा.”

मागे ट्रॅक्टरवाल्यानं पसरलेले पाय आत घेतले.

“आम्हालाही आधी वाटलं, आमचा पिक्चर फुकट गेला,” पणपण म्हणाली. “आजोबा हलेचनात. पण मग आम्ही तो परत परत बघितला. ते हलत नाहीत ना, म्हणूनच मागचं हललेलं दिसतं. ते हलले असते तर आम्ही त्यांच्याकडेच बघत बसलो असतो.”

“फार शहाणी आहेस. अगं, हिलाही तेच हवंय, सकाळी येऊन सांगून गेली म्हणे!” भाऊ दाराकडे वळला. “सांग गं यांना. तुझं तू सांग, म्हणजे मिटलं.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. लेक पुढे आली, तशी तिची सावली म्हाताऱ्याच्या छातीवर पडली.

“आत्या, सावली!” पोरं ओरडली. ती बाजूला सरकली.

“मला काढून टाका, असं मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “कारण आबांना लोकांनी हसू नये.”

“पण...” पणपणनं एकदा मास्तरांकडे बघितलं. “पण तुम्हाला काढलं की मग बटाटे कोण काढताना दिसेल?”

“आपोआप पोत्यात उड्या मारतील!” कुणीतरी पोर बोललं आणि शेजारच्यानं त्याला चिमटा काढला.

तिनं भिंतीकडे पाहिलं. थांबलेल्या चित्रात ती स्वतः पाटीखाली दिसत होती. एक हात पाटीला, दुसरा कमरेवर, चेहरा घामानं चकाकणारा. स्वतःला असं लांबून तिनं कधी पाहिलं नव्हतं. आरशात चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही. ही बाई कुणाची मदतनीस वाटत नव्हती. तिच्या चालण्यातच रान तिचं होतं. आणि पुढे म्हातारा, टोपी सारखी करून, गुडघ्याचा ठणका दाबून दिवसभर पुन्हा पुन्हा उभा राहिलेला. चांगलं दिसावं म्हणून केवढं सोसलं होतं त्यानं! तिला त्याचा राग आला आणि त्याच दमात तो हवाहवासा वाटला. दोन्हीही तिनं गिळलं नाही.

“चल, झालं ना,” भाऊ म्हणाला. “कापा म्हणून सांग आणि घरी चल.”

“थांब, दादा.”

ती भिंतीसमोर, म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“आबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही सांगायचात, रान मी केलं. मी ऐकायची आणि गप्प बसायची. तुमचा गुडघा गेला होता, आबा. माझी जीभ गेली नव्हती. तरी बोलले नाही. मला वाटायचं, मी बोलले तर तुम्ही कोसळाल. तुम्ही गेलात, तरी आज सकाळी मी स्वतःलाच पुसायला इथं आले होते.”

भावानं तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्याला थांबवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबला.

“यातलं काही कापायचं नाही,” ती पोरांना म्हणाली. “लोकांना हसायचं तर हसू द्या.” मग ती पुन्हा भिंतीकडे वळली. “आबा, तुमचा गुडघा गेल्यापासून हे रान मी केलं. एकटीनं केलं. आणि पुढच्या हंगामालाही मीच करणार आहे. दादा, ट्रॅक्टरवाल्याला सांग. तो मागेच बसलाय.”