दुसऱ्या रिमोटचा खेळाडू

मित्रांनो, वडवणीत धोंडप्पा भांडेवाल्यांच्या घरी, माळ्यावर, एक करडं खोकं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. ते खोकं म्हणजे मी, एक जुना व्हिडिओ गेम. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. माझ्या पोटात कॅसेट खोचायची, माझी वायर टीव्हीला जोडायची आणि माझे दोन रिमोट दोघांनी हातात घ्यायचे. एकट्याने खेळायची सोय माझ्यात होती, पण माझी खरी मजा दोघांत होती.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते औरंगाबादच्या दुकानातलं काचेचं कपाट. परदेशी माल तेव्हा नुकताच बाजारात दिसू लागला होता. धोंडप्पांचा मुलगा अमरनाथ दुकानासाठी स्टीलची भांडी भरायला आला आणि मला घेऊन गेला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या नवरीसाठी साडी आणायची सोडून हे काय खेळणं आणलं, म्हणून त्याची आई नीलाबाई त्याला कितीतरी दिवस टोचून बोलत.

माझ्याबरोबर एकच कॅसेट होती, बेसबॉलची. वडवणीत बेसबॉल कोणाला माहीत असणार? पडद्यावर टोपी घातलेली बुटकी माणसं, हातात गोल दांडकं आणि तिरपं चौकोनी मैदान. अमरनाथ त्याला 'दांडक्याचं क्रिकेट' म्हणे. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं की तो आणि त्याची बायको शिवकन्या चटईवर बसत. पहिला रिमोट तिचा, दुसरा त्याचा. चेंडू टाकायला आणि मारायला बटन एकच. अमरनाथची एक सवय होती. डावातला पहिला चेंडू तो कधीच मारत नसे.

"मारा की! कावून सोडला?" शिवकन्या विचारी.

"पहिला देवाचा," तो म्हणे. आणि दुसऱ्या चेंडूवर असं दांडकं फिरवी, की चेंडू पडद्याबाहेरच जाई.

"लहान लेकरं हायेत का रे तुमी?" नीलाबाई स्वयंपाकघरातून ओरडत. पण दाराशी उभं राहून, तोंडाला पदर लावून हसताना मी त्यांना पाहिलं आहे. ते माझे सुखाचे दिवस होते.

लग्नाला वर्ष झालं नसेल. आष्टीहून परत येताना, अंधार पडायच्या वेळी, अमरनाथची लुना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. त्याला घरी आणलं ते चादरीत. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली. घर गप्प झालं आणि माझ्यावर धूळ साचू लागली.

पुष्कळ दिवसांनी एका दुपारी शिवकन्येने मला पुसलं, टीव्हीला जोडलं आणि दोघांचा खेळ लावला. दुसरा रिमोट चटईवर तसाच पडून होता. तिने पहिला चेंडू टाकला. समोरचा टोपीवाला हलला नाही. तिने दुसरा टाकला आणि दांडकं फिरलं.

मित्रांनो, त्या रिमोटवर कोणाचंही बोट नव्हतं.

शिवकन्येच्या हातातला रिमोट गळून पडला. दारात नीलाबाई उभ्या होत्या. त्यांनीही ते पाहिलं होतं.

"अमर हाय," त्या पुटपुटल्या. "परत टाक, बाई. परत टाक."

तेव्हापासून माझा मान वाढला, पण आनंद गेला. नीलाबाई दुसऱ्या रिमोटखाली धुतलेलं फडकं अंथरत, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवत आणि सुनेला रोज माझ्यासमोर बसवत. धोंडप्पांना हे पाहवेना. ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बंकटला घेऊन आले. त्याने रिमोट उघडून पाहिला.

"आतलं रबर झिजलंय, मालक. बटन कधी दबून राहतंय, कधी सुटतंय. दुसरं काय न्हाई. बदलून देतो."

"हात लावायचा न्हाई!" नीलाबाईंनी रिमोट त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

बंकटचं खरं असेल. माझं रबर झिजलं होतं, हे मी नाकारत नाही. पण झिजलेल्या रबराला पहिला चेंडू सोडायला कोणी शिकवलं, ते मला आजही कळलेलं नाही.

शिवकन्या जिंकली की नीलाबाई त्या दिवशी जेवत नसत. म्हणून ती मुद्दाम हरू लागली. माहेरी जायचं नाव काढलं की नीलाबाई विचारत, "तू गेल्यावर त्याच्यासंगं कोण खेळंल?" ती वाळत चालली. बटनावरचा तिचा अंगठा गार लागे.

मग एक दिवस तिचा थोरला भाऊ मृत्युंजय आला.

"मावशी, उमापूरचं चांगलं स्थळ आलंय," तो हात जोडून म्हणाला. "आपल्यात दुसरं लग्न लागतं. पोरीचं वय तरी काय हाय?"

"तिचा नवरा हितंच हाय," नीलाबाई म्हणाल्या. त्यांनी चटईकडे बोट दाखवलं.

धोंडप्पांनी मान खाली घातली. तेव्हा शिवकन्या सासूला म्हणाली.

"आत्याबाई, मी रोज त्यांच्यासंगं खेळते. पण मी हसले तर ते हसत न्हाईत. मी रडले तर कावून रडतीस म्हणून इचारत न्हाईत. मला लई भ्याव वाटतं."

नीलाबाईंनी चटईवरची नजर काढून सुनेकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्या गुडघे धरत चटईवर बसल्या आणि पहिला रिमोट त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

"कोणतं बटन गं?"

शिवकन्येने त्यांचा अंगठा धरून बटनावर ठेवला.

"आता तू जा," त्या म्हणाल्या. "मी हाय त्याच्यापाशी."

शिवकन्या उमापूरला नांदायला गेली. इकडे नीलाबाई रोज दुपारी चेंडू टाकत राहिल्या. पण समोरचा टोपीवाला आता पूर्वीसारखा खेळेना. बहुतेक वेळा तो नुसता उभा असे. "खेळ रे, सावकाश खेळ. घाई न्हाई," असं म्हणत त्या पुढचा चेंडू टाकत. पुढे त्याही गेल्या. धोंडप्पांनी मला त्यांच्याच लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. पण त्यांच्यापायी जिवंत माणसाला अडकवून ठेवू नका. आणि कधी मला खाली काढलंत, तर माझी एवढी विनंती ऐका. दोघांचा खेळ एकट्याने लावू नका. एखाद्या मित्राला, बहिणीला हाक मारा, दुसरा रिमोट त्यांच्या हातात द्या. रिकाम्या जागी कोण येऊन बसतं, ते मलाही सांगता येत नाही.