पेवात बसलेली नवरी

आमच्या गावच्या किल्ल्यात आधी सरदार राहिले, मग पोपच्या माणसांनी त्याचा तुरुंग केला. माझा बाप तिथेच लिहाय-वाचायला शिकला, कारण त्याच्या वेळी तिथे शाळा झाली होती. आता किल्ल्याच्या जमिनीखालच्या पेवात आम्ही चीज मुरवतो. ऑगस्टात गावभराच्या थैल्या खाली सोडायच्या, तोंड लिंपायचं, ते नोव्हेंबरात संत कॅथरीनच्या दिवशीच उघडायचं. मध्ये उघडलं तर सगळ्यांचं चीज वाया.

यंदा शेवटची थैली सोडताना माझा होणारा जावई ओरेस्ते वाकला आणि खिशातली लग्नाची अंगठी पेवात पडली. अंगठी त्याच्या आजीची. त्याची आई आर्जिया म्हणाली, "ती अंगठी नाही तर लग्न नाही." बाईला माझी लेक झेलिंदा मुळातच नको होती, तिला आयतंच निमित्त मिळालं. सप्टेंबरातलं लग्न राहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पेव फोडलं असतं तर गावाने मला जिवंत ठेवलं नसतं.

संत कॅथरीनच्या दिवशी सारं गाव किल्ल्यात जमलं. पेवातली हवा मोकळी झाल्यावर झेलिंदा शिडीने उतरली. आत एकालाच जेमतेम जागा. तिने वरच्या थैल्या आमच्या हाती दिल्या, अंगठी काही दिसली नाही.

"देवाचाच कौल," आर्जिया म्हणाली. "मोडलं लग्न."

खालून उत्तर आलं, "मग मी इथेच बसते, आर्जियाकाकू. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पुढची थैली वर येईल."

याच पेवात पूर्वी चोराला कबुलीसाठी कोंडायचे. माझी पोर स्वतः कोंडून घेऊन दुसऱ्याची कबुली मागत होती. मला हसूही येत होतं आणि ऊरही भरून आला होता.

अर्ध्या गावाचं चीज तिच्याखाली! लोक आर्जियाभोवती जमले.

"आर्जिया, पोरगी गुणाची आहे," शेजारीण म्हणाली. "माझी थैली तळाशी आहे."

"क्षमा हा मोठा गुण," पाद्रीबुवा म्हणाले. "माझ्या दोन आहेत."

ओरेस्ते पुढे येऊन म्हणाला, "आई, ती वर आली नाही तर मी घरी जेवणार नाही, रोज इथेच जेवायला येणार."

आर्जियाने पेवात डोकावलं, मुरलेल्या चीजच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि लेकाकडे वळली.

"काढा तिला," ती शेवटी म्हणाली. "अंगठी मिळो न मिळो. अंगाला हा वास लागल्यावर हिला दुसरं स्थळ कुठलं मिळायला? माझ्याच गळ्यात पडणार."