क्लेमच्या रानातलं दुसरं फाटक

रानातलं फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आमच्या जीपवाल्यांच्या क्लबात गेली तीस वर्षं मीच हे नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडत आलेय. आणि माती खाल्ली ती मीच.

क्लेम नोस्केच्या कुरणातून डोंगरमाथ्यावर वाट जाते. जमीन त्याची, पण कुणाही जीपवाल्याला तो जाऊ देतो, कागद नाही की चिठ्ठी नाही. माझ्या नवऱ्याची, व्हर्नची, नजर अधू होत चालली होती. ती पुरती जायला दोन-चार महिने उरलेत, असं डॉक्टर म्हणाले होते. पुरता अंधार व्हायच्या आत त्याला तो माथा एकदा बघायचा होता, बस्स.

शुक्रवारी दुपारी आत येताना दुसरं फाटक सताड उघडं. माझं डोकंच फिरलं.

"शहरातले नवशिके! फाटक लावायला हात झिजतात मेल्यांचे!" म्हणत मी उतरले आणि साखळी करकचून बांधली.

"अगं, असू दे की. क्लेमनेच ठेवलं असेल उघडं," व्हर्न म्हणाला.

"तू गप्प बस!"

शनिवारी सकाळी मुक्कामाच्या तळावर चहा उकळतोय, तोच क्लेमची गाडी धूळ उडवत आली. तळावर आमच्याशिवाय एकच माणूस होता, निकोस. ॲडलेडचा दातांचा डॉक्टर, नवी कोरी जीप घेऊन गुरुवारीच आलेला. क्लेम थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"फाटक लावलंस ना? माझ्या साठ गाई पलीकडे अडकल्या आणि पाण्याचा हौद अलीकडे! कालपासून थेंब नाही त्यांच्या पोटात. आजपासून वाट बंद. कुलूप ठोकतो. लोकांचं भलं करायला जावं, तर डोक्यावर मिऱ्या वाटतात!"

"काका, शप्पथ! मी आलो तेव्हा उघडंच होतं. मी तर गाडीतून खालीसुद्धा उतरलो नाही."

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात."

बिचाऱ्या निकोसचं तोंड एवढंसं झालं. मी गप्प बसले असते तर माझी अब्रू वाचली असती. पण मग व्हर्नच्या डोळ्यांत डोळे घालून मी बोलले कशी असते?

"मी लावलं, क्लेम."

"तू? ग्लेनिस, तू?"

"हो. अक्कल चरायला गेली होती माझी. हव्या तेवढ्या शिव्या घाल, मला कायमची बंदी कर. पण बाकीच्यांची वाट अडवू नकोस. आणि व्हर्नला आज तेवढं वर जाऊ दे रे. निकोस नेईल त्याला, मी इथेच बसते."

क्लेम गाडीकडे वळला. "आधी गाई," एवढंच म्हणाला.

व्हर्नला सावलीत बसवून आम्ही तिघं दुपारपर्यंत गाई हाकत होतो. निकोसचे बूट पार चिखलाने माखले, पण गडी कुरकुरला नाही. एकही जनावर दगावलं नाही. हौदाशी उभी राहून मी मोठ्याने देवाचे आभार मानले.

"व्हर्न माझ्या गाडीत बसेल," क्लेम टोपी झटकत म्हणाला. "तूही चल. नाहीतर वर त्याच्यावर खेकसणार कोण?"

वर पोचलो आणि वारा सुटला. अशी धूळ उठली की दहा पावलांपलीकडे काही दिसेना. नशीबच फुटकं, असं मी म्हणणार, तेवढ्यात व्हर्न हसला. अगदी तोंडभर.

"काय लाल दिसतोय गं समोरचा कडा! आणि ती खाली नदीची पांढरी रेघ. सगळं सगळं दिसतंय!"

दोन-चार महिने कसले? नजर केव्हाच गेली होती आणि या माणसाने मला पत्ता लागू दिला नव्हता. मी क्लेमकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं.

"हो रे," क्लेम म्हणाला. "आज जरा जास्तच लाल आहे."

व्हर्नला गाडीत बसवून त्याने दार लावलं आणि मला बाजूला घेतलं.

"कुलूप नाही घालत. पुढच्या महिन्यात परत आण त्याला बघायला," तो हळूच म्हणाला. "तेव्हा धूळ नसेल."

मला रडूच फुटलं. त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले, खरंच सांगते.