दोन हंडे

इर्जिकीला मजुरी नसते, जेवण असतं. अडलेल्या घरच्या कामावर गावानं एक दिवस राबायचं आणि त्या घरानं आल्यागेल्याला पोटभर वाढायचं, एवढाच काय तो करार. तो कागदावर नाही म्हणूनच मावळात कुणी मोडत नाही.

लढाईच्या त्या साली मळवलीच्या दत्तोबाचं घर अडलं. कापणी उरकली, भाताचे भारे खळ्यावर आले आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून पाय निसटून दत्तोबानं मांडीचं हाड मोडून घेतलं. भारे उंदरांना मोकळे झाले. मग भावकीनं झोडणीची इर्जीक ठरवली. डोंगराच्या अंगाच्या ठाकरवाडीतून म्हातारी पुतळाबाईही दहा माणसं घेऊन येते म्हणाली. तिचा नवरा नवसू तीस वर्षं याच खाचरात आवणीला, भाताची रोपं लावायला, येत होता. आता दम्यानं त्याला अंगणाबाहेर पडवत नव्हतं.

दत्तोबाची बायको कस्तुराबाई हाताची सुगरण, पण त्या दिवशी तिचा जीव तांदळात अडकला होता. नवं भात अजून पेंढ्यातच होतं. गेल्या सालचा आंबेमोहोर कणगीच्या तळाशी उरला होता, तो निम्म्या माणसांना पुरला असता. बाकी होत्या त्या जाड्या तांबड्या भाताच्या कण्या. दत्तोबा खाटेवरून म्हणाला होता, दोन्ही एकत्र कर आणि एकच हंडा चढव, सगळ्यांच्या पानात सारखं पडू दे.

ती हो म्हणाली. पण लोणावळ्याहून नणंद यायची होती. रतनबाईचा नवरा हौशीराम रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता, आणि तेवढ्यानं रतनबाईचं नाक शेडच्या धुराड्याएवढं वर गेलं होतं. भावाच्या घरी कण्या खाल्ल्याचं तिनं लोणावळाभर केलं असतं. कस्तुराबाईनं दोन चुली पेटवल्या आणि दोन हंडे चढवले. पावट्याची आमटी मात्र एकच केली, लसणाची चटणीही एकच. तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली.

दुपारी पंगती बसल्या. भावकी आणि पाहुणे ओसरीवर, वाडीची माणसं रिवाजाप्रमाणं खळ्यापलीकडं जांभळीखाली. ओसरीवर आंबेमोहोर गेला, जांभळीखाली कण्या. कोण कुणाच्या पानात डोकावतंय, असं ती स्वतःशी म्हणाली. रतनबाईनं भाताची तारीफ केली आणि दोनदा मागून घेतला. जांभळीखालच्यांनी काहीच मागितलं नाही. जेवले, हात धुतले आणि पुन्हा कामाला लागले. कस्तुराबाईनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

संध्याकाळी निघताना पुतळाबाई पळसाचं पान घेऊन चुलीशी आली. घरी राहिलेल्या म्हाताऱ्याचा वाटा न्यायची रीत होती. आंबेमोहोराच्या हंड्यात चार माणसांपुरता भात शिल्लक होता. तो कस्तुराबाईनं रतनबाईच्या रात्रीच्या जेवणासाठी झाकून ठेवला होता. तिचा हात त्या झाकणाकडं गेला आणि मागं आला. तिनं पळसाच्या पानावर कण्या वाढल्या. पुतळाबाईनं एकदा या हंड्याकडं पाहिलं, एकदा त्या हंड्याकडं, आणि पान बांधून घेतलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाणारे खुशाल होते, आणि वाढणारीला घास गिळवत नव्हता. भात वाऱ्यावर उफणून झालं, अठरा मण आंबेमोहोर कणगीत पडला, पण तिला आनंद म्हणून झाला नाही. त्यात एके दिवशी भावकीतला नथू वाडीवरून सरपण घेऊन आला आणि सांगू लागला, की नवसूबाबा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून एकच गोष्ट सांगतो: दत्तोबाच्या घरचा आंबेमोहोर खाल्ला, दोन दिवस हाताचा वास गेला नाही. दत्तोबा खाटेवर खूश झाला. कस्तुराबाई उठून गोठ्यात गेली आणि गायीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आपल्याइतकी हलकी बाई मावळात दुसरी नसेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं भात कांडलं, पातेलीभर आंबेमोहोर शिजवला, वर तूप सोडलं आणि पातेली फडक्यात बांधून ती वाडीची चढण चढली. म्हातारा अंगणात उन्हाला बसला होता. तिनं सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. वाटभर शब्द जुळवले होते. पण ती अजून कुडाशी होती तोवरच नवसूनं मान वर केली. भाताच्या वासानं अंगण भरून गेलं. हा वास त्या दिवशीच्या पानाला नव्हता, हे सांगायला आता कुणाची गरज उरली नाही.

पुतळाबाई खाली बघत राहिली. मग नवसूच खाकरून म्हणाला, "त्या दिशी मला पडसं व्हतं बग. वासच कळाला न्हाई."

कस्तुराबाईला ते सोसलं नाही.

"पडसं न्हवतं, आबा. त्या दिशी कण्या व्हत्या. तुमच्या बी पानात, आन तुमच्या समद्यांच्या बी."

"ठावं हाय," नवसू म्हणाला. "तीस वरसं त्योच भात लावतुया. मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग लोकास्नी आंबेमोहोर का सांगितलासा?"

"मंग काय सांगू? दत्तोबाच्या घरात दोन हंडं चढलं म्हून सांगू? पुढल्या साली तुज्या खळ्यावर कोन येईल?"

तिनं तोंडाला पदर लावला. तिचं धान्य वाडीच्या अकरा जणांनी झोडून दिलं होतं, आणि तिची अब्रू एक म्हातारा बसल्या जागेवरून सांभाळत होता. रतनबाईच्या भीतीनं तिनं जे केलं ते रतनबाईला कधीच कळणार नव्हतं. ज्यांना कळलं होतं त्यांनी तिला झाकलं होतं.

नवसूनं पुतळाबाईला सांगितलं, हाक मार समद्यास्नी. कस्तुराबाईच्या तोंडून पटकन गेलं, "आबा, ह्यो तुमा दोघांपुरताच हाय."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. घरी अठरा मण भात भरलेलं, आणि ती दोघांपुरतं मोजून घेऊन आली होती.

पुतळाबाईनं हाक दिली. वाडीची माणसं जमली. पुतळाबाईनं हाताहातावर एकेक मूठ भात ठेवला. म्हाताऱ्याला दिला आणि पातेली सरली. तिला स्वतःला काही उरलं नाही. सगळ्यांनी भात खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच कस्तुराबाईला पाहवेना.

तिनं पुतळाबाईचा हात धरला. "मावशी, उद्या समदी खाली या. मी सैपाक करते. वसरीवरच बसा, माज्या पंगतीला."

पुतळाबाईनं राखेनं पातेली घासली, धुतली आणि तिच्या हातात दिली.

"उद्या काय इर्जीक हाय?" ती म्हणाली. "आमी राबून जेवतो, बाय. त्ये जेवान त्याच दिशी व्हतं. पुढल्या साली येऊ की."

कस्तुराबाई वाट उतरू लागली. पुतळाबाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर ती तिथंच रडून मोकळी झाली असती. आता तिला अख्खं साल काढायचं होतं.