हेलेदला न दिलेली भाषा

वृद्धाश्रमातली शनिवारची पाळी संपवून हेलेद घरी आली ती थेट माडीवर गेली. जेवायलाही उतरली नाही. नेरिस ताट घेऊन वर गेली, तर लेक दाराकडे पाठ करून बसलेली.

"काय झालं गं?"

"डिलिस आजी मला दुपारभर काहीतरी सांगत होत्या. वेल्शमध्ये. इंग्रजी आता त्यांना आठवतच नाही. मी आपली हसून हो हो करत होते. थंडी वाजत असेल म्हणून शाल पांघरली, चहा पाजला." तिने वळून आईकडे पाहिलं. "त्यांना संडासला जायचं होतं, आई. शेवटी खुर्चीतच झालं. त्या नुसत्या खाली बघत राहिल्या. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई."

नेरिसने ताट तिच्याजवळ ठेवलं. खाली धाकटी माबली फोनवर आजोबांशी वेल्शमध्ये हुज्जत घालत होती. मध्येच बापाने काही विचारलं, त्याला तिने इंग्रजीत उत्तर दिलं आणि पुन्हा आजोबांकडे वळली.

हेलेद तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तेव्हा ते लिव्हरपूलला राहत. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, दोन भाषांनी पोर गोंधळतं, घरात एकच ठेवा. त्या दिवसापासून नेरिसने अंगाईसुद्धा इंग्रजीत म्हटली. "दोन भाषांत वाढून आम्ही काय मुके राहिलो का?" असं तिच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा ती त्यांच्यावरच खेकसली होती. पुढे वेल्समध्ये गावी परतले तोवर हेलेद तेरा वर्षांची झाली होती. शाळेत ती वेल्श वाचायला शिकली, पण म्हाताऱ्यांचं भरभर बोलणं तिच्या डोक्यावरून जाई.

"माबलीपण उशिराच बोलली ना?" हेलेदने विचारलं.

"हो."

"मग तिच्याशी वेल्श कशी बोललीस?"

"तोवर मी लोकांचं ऐकायचं सोडलं होतं."

"म्हणजे अक्कल आली, पण माझ्यानंतर."

हे ती रागाने म्हणाली असती तर नेरिसला बरं वाटलं असतं. ती नुसती थकलेली होती.

"आताही बोलता येईल आपल्याला," नेरिस म्हणाली आणि पुढचं वाक्य वेल्शमध्ये बोलायला गेली. शब्द ओठांवर आले आणि अडले. वडिलांशी, माबलीशी, दुकानदाराशी ती दिवसभर हीच भाषा बोलायची. या लेकीसमोर मात्र परक्या बाईशी बोलल्यासारखं वाटलं. तिने कसंबसं विचारलं, भूक लागली आहे का?

हेलेदला कळलं. पण उत्तर जुळवताना तिचे कान लाल झाले, आणि नेरिसने मान खाली घातली.

पुढच्या शनिवारी हेलेद चार वाक्यं घोकून गेली. दुखतंय का, तहान लागली का, संडासला जायचं का, सावकाश सांगा. डिलिस आजींना मागचं काही आठवत नव्हतं. त्यांनी तिच्याकडून एक शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि जमल्यावर तिच्या गालावर थोपटलं.

घरी येऊन हेलेदने ते हसत सांगितलं. माबलीने लगेच आणखी एक चूक काढली. "गप गं, पंतोजी," हेलेद म्हणाली.

नेरिसही हसली. मग चहा ओतताना तिने थोरलीला वेल्शमध्येच विचारलं, साखर किती? आणि उत्तर येईपर्यंत, मदतीला इंग्रजी शब्द न देता, थांबून राहिली. ते थांबणं तिला फार जड गेलं.